विमानकर्ते डॉ. विष्णू माधव घाटगे

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, हे शहर आपल्या भुईकोट किल्ल्यासाठी प्रसिद्ध आहे. डोंगरी किल्ल्याला उंचीचा आधार असतो. त्याच्या बुरुजावर उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला कोसन् कोस दूर उडालेली धूळ दिसते. भुईकोट किल्ल्याच्या वाट्याला हे भाग्य येत नाही. तो सपाट जमिनीवर उभा असतो आणि खंदकापलीकडे काय चालले आहे हे आतल्या माणसांना अर्धेमुर्धेच कळते. 1595 सालच्या अखेरीस मोगल फौजांनी या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा तटाखाली सुरुंग खणले जात असल्याची खबर आतल्यांना मिळाली. चांदबिबीच्या माणसांनी आतून खणत जाऊन काही सुरुंगांतील दारू काढून घेतली. एक सुरुंग मात्र उडाला आणि तटाला मोठे खिंडार पडले. ते त्या शूर स्त्रीने रातोरात बुजवून घेतले. चांदबिबीचे शौर्य थोर होते यात शंका नाही. परंतु ती खबर वेळीच मिळाली नसती, तर तट एकाऐवजी अनेक ठिकाणी ढासळला असता आणि शौर्याला अवसरच उरला नसता.

शत्रू कोठे आहे आणि काय करीत आहे हे आधी कळणे, ही रणांगणावरची पहिली गरज होय. म्हणून तर शिवछत्रपतींच्या पदरी बहिर्जी नाईकांसारखे हेर होते. पुढे तोफांचा पल्ला वाढत गेला. जी तोफ एके काळी समोरच्या तटावर डागली जाई, ती आता डोंगराआडून, कित्येक मैल अंतरावरून गोळे टाकू लागली. गोलंदाजाला आपले लक्ष्य दिसेना आणि गोळा कोठे पडला हेही कळेना. बुरुजाची उंची अपुरी पडली, टेकडीची उंचीही अपुरी पडली. तेव्हा सैन्याने आपला टेहळ्या आकाशात पाठविला. आधी दोरखंडाने बांधलेले फुगे आले, मग लहान विमाने आली आणि आपल्या काळात वैमानिकावाचून उडणारी, ज्यांना आपण ड्रोन म्हणतो ती, विमाने आली.

भारत स्वतंत्र झाला तेव्हा आपल्या सैन्याजवळ असे आकाशातील डोळे होते, पण ते परदेशातून आणलेले होते. हा डोळा आपल्या हातांनी घडविता येईल काय, हा प्रश्न ज्या माणसांनी कामातून सोडविला, त्यांचे अग्रणी होते डॉ. विष्णू माधव घाटगे. त्यांचे चरित्र आपण आता पाहू.

विष्णू माधव घाटगे यांचा जन्म 24 ऑक्टोबर 1908 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील हसूर या गावी झाला. अमेरिकेत राईट बंधूंनी पहिले यशस्वी विमान उडविले त्याला तेव्हा पुरती पाच वर्षेही झालेली नव्हती. त्या काळी कोल्हापूर हे संस्थान होते आणि राजर्षी शाहू महाराज तेथे राज्य करीत होते. बैलगाडीच्या वाटेने शेजारच्या गावाला जाणाऱ्या त्या मुलखात आकाशात उडणारे यंत्र कोणी पाहिलेले असण्याचा संभव फार थोडा. अशा खेड्यात जन्मलेला मुलगा पुढे देशाची विमाने रेखाटील, असे त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

मुंबईत उच्च शिक्षण पुरे करून घाटगे जर्मनीतील गटिंगन येथील विद्यापीठात गेले. वायुगतिशास्त्राची, म्हणजे वाहत्या हवेच्या नियमांचा शोध घेणाऱ्या शास्त्राची, ती त्या काळची काशी होती. लुडविग प्रांटल हे थोर आचार्य तेथे शिकवीत असत. या आचार्यांच्या हाताखाली घाटगे यांनी संशोधन केले आणि 1936 साली डॉक्टर ही पदवी संपादन केली.

प्रांटल यांच्या कीर्तीचे कारण काय, हे समजून घेणे कठीण नाही. शेताच्या कडेने वाहणारा पाट तुम्ही पाहिला असेल. पाटाच्या मध्यभागी टाकलेले पान झरझर पुढे जाते. काठाला लागलेले पान मात्र रेंगाळते. काठाच्या मातीशी लगटलेले पाणी जणू तिला चिकटून राहते. विमानाच्या पंखावरून वाहणाऱ्या हवेचेही असेच आहे. पंखाला अगदी लागून असलेला हवेचा एक पातळ थर पंखाला चिकटतो आणि मंदावतो. हा थर पंखाच्या पृष्ठभागावरून नीट वाहत राहिला, तर पंख विमानाला उचलून धरतो. थर पंखापासून सुटला, तर हवेत भोवरे उठतात, पंखाचे बळ हरपते आणि विमान खाली कोसळू लागते. ही गोष्ट प्रांटल यांनी 1904 साली जगापुढे मांडली. तोपर्यंत विमान उडविणे हे बरेचसे धाडसाचे आणि अंदाजाचे काम होते. त्यानंतर ते गणिताच्या आटोक्यात येऊ लागले. हे गणित साक्षात त्याच्या जनकापाशी शिकून घाटगे मायदेशी परतले.

परंतु विद्या हाती असून भागत नाही. ती राबवावयास कारखाना लागतो. गुलाम देशात विमानाचा कारखाना कोठून असणार? ही उणीव एका मराठी मुलखातील उद्योगपतीने भरून काढली. सोलापूरचे सुपुत्र शेठ वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने डिसेंबर 1940 मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. घाटगे त्याच सुमारास या कारखान्यात दाखल झाले.

तो दुसऱ्या महायुद्धाचा काळ होता. कारखान्यात परदेशी आराखड्यांवरून विमाने जुळविण्याचे काम सुरू झाले. लवकरच सरकारने कारखाना आपल्या ताब्यात घेतला आणि 1943 पासून तेथे मुख्यत्वे अमेरिकन लढाऊ विमानांची दुरुस्ती होऊ लागली. रात्रंदिवस विमाने येत, उघडली जात, तपासली जात आणि पुन्हा उडून जात. नवे काही घडविण्यास या धांदलीत सवड नव्हती. तरीही युद्धकाळातच कारखान्यात दहा माणसे बसू शकतील असे एक ग्लायडर, म्हणजे इंजिनावाचून हवेवर तरंगणारे विमान, तयार झाले. तसे एकच ग्लायडर बांधले गेले. पण आपल्या आराखड्यावरून आपल्या कारागिरांनी बांधलेली वस्तू हवेत तरते, एवढा विश्वास त्याने दिला.

दुरुस्तीच्या कामातूनही पुष्कळ शिकता येते. मोडलेले विमान उघडून पाहिले की ते कोठे दुबळे होते हे कळते. मात्र एका माणसाने कितीही शिकले तरी विमान बनत नाही. त्याला शिकलेल्या माणसांचा मेळा लागतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत डिसेंबर 1942 मध्ये विमानविद्येचा विभाग सुरू झाला, तो घाटगे यांच्या नेतृत्वाखाली. आपल्या देशातील तरुणांना हे शास्त्र आपल्याच देशात शिकण्याची सोय झाली. गटिंगनला जे एका विद्यार्थ्याला मिळाले होते, ते बंगळूरला अनेकांना मिळू लागले. घाटगे यांच्या आयुष्यातील हे कार्य त्यांच्या कोणत्याही विमानापेक्षा कमी मोलाचे मानता येणार नाही.

देश स्वतंत्र झाला आणि कारखान्याला स्वतःचे विमान घडविण्याची संधी लाभली. 1948 साली नवशिक्या वैमानिकांसाठी एका विमानाची आखणी सुरू झाली. त्या वेळी आपले वैमानिक टायगर मॉथ या इंग्रजी विमानावर पहिले धडे गिरवीत. ते कापडाने मढविलेले, एकावर एक असे दोन पंख असलेले जुने विमान होते. घाटगे व त्यांचे सहकारी यांनी त्याच्या जागी धातूचे, एकेरी पंखाचे, शिकणारा व शिकविणारा एकामागे एक बसतील असे विमान रेखाटले. त्याचे नाव एचटी-2. ऑगस्ट 1951 मध्ये कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी ते प्रथम आकाशात नेले. भारतीयांनी रेखाटलेले व भारतात बांधलेले ते पहिले इंजिनयुक्त विमान होय. पुढे अशी दीडशेहून अधिक विमाने बांधली गेली. आपल्या वायुदलाच्या कित्येक पिढ्या या विमानावर उडावयास शिकल्या आणि आफ्रिकेतील घाना देशाच्या वायुदलानेही ते वापरले.

शिकाऊ विमानाचे काम वरवर साधे वाटते; पण ते तसे नाही. निष्णात वैमानिक विमानाचे दोष सांभाळून घेतो. नवशिक्याच्या चुका विमानाने सांभाळून घ्याव्या लागतात. म्हणून ते विमान स्वभावाने शांत असावे लागते आणि धसमुसळेपणे जमिनीवर टेकले तरी मोडता कामा नये. ही दोन्ही कामे जुळविण्यात आखणाऱ्याचे कौशल्य असते.

यानंतर घाटगे यांनी आणखी लहान विमानाकडे लक्ष वळविले. गावोगावच्या उड्डाण मंडळांसाठी दोन आसनांचे एक हलके विमान तयार करण्यात आले. त्याचे नाव पुष्पक. रामायणातील पुष्पक विमानाचे वैभव या पुष्पकाला नव्हते. पोलादी नळ्यांचा सांगाडा, वर ताणून बसविलेले कापड आणि पुढे 90 अश्वशक्तीचे इंजिन, एवढाच त्याचा संसार. 28 सप्टेंबर 1958 रोजी ते प्रथम उडाले. देशातील उड्डाण मंडळांमध्ये असंख्य तरुणांनी विमान चालविण्याचा श्रीगणेशा या पुष्पकावर केला.

याच पुष्पकातून आपल्या सैन्याचा डोळा जन्माला आला. त्याची कथा मोठी बोधप्रद आहे.

तोफखान्याच्या टेहळणीला जे विमान लागते त्याची गरज लढाऊ विमानाच्या अगदी उलट असते. लढाऊ विमान जितके वेगवान तितके चांगले. टेहळणीच्या विमानाला मात्र सावकाश उडता आले पाहिजे, कारण धावत्या माणसाला वाटेवरचा खडा दिसत नाही. ते विमान मोठ्या विमानतळावर राहू शकत नाही; त्याला सैन्याबरोबर राहावे लागते. एखादे गवताळ रान, नांगरून सोडलेल्या शेताशेजारचा सपाट पट्टा, एवढ्या जागेवर त्याला उतरता व उडता आले पाहिजे. आतल्या माणसाला खालची जमीन स्वच्छ दिसली पाहिजे. आणि रणभूमीवर बिघडले तर चार माणसांना साध्या हत्यारांनी दुरुस्त करता आले पाहिजे.

या विमानातील वैमानिक स्वतः तोफखान्याचा अधिकारी असतो. तो आपल्या तोफांच्या मागच्या बाजूला, झाडांच्या शेंड्यांवरून, जमिनीला धरून उडत असतो. गोळा उडण्याच्या वेळी तो विमान वर चढवितो, डोंगरापलीकडे डोकावतो, गोळा कोठे फुटला ते टिपतो आणि लगेच खाली येतो. मग बिनतारी यंत्रावरून तोफेला कळवितो की गोळा लक्ष्याच्या डावीकडे पडला की उजवीकडे, अलीकडे पडला की पलीकडे. त्याप्रमाणे गोलंदाज आपला नेम सुधारतो. नाशिकजवळ देवळाली येथे आपल्या तोफखान्याचे मोठे शिक्षणकेंद्र आहे आणि अहिल्यानगरच्या परिसरातही लष्कराची विस्तीर्ण सरावभूमी आहे. या माळरानांकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते की एखादी बुटकी टेकडी मध्ये आली तरी पलीकडचे सारे दृष्टीआड होते. तेवढ्या टेकडीवरून डोकावण्यासाठी हा सारा खटाटोप.

स्वातंत्र्यानंतर आपल्या सैन्याजवळ या कामासाठी ऑस्टर नावाची इंग्रजी विमाने होती. घाटगे यांच्या कारखान्यात पुष्पकाच्या धर्तीवर, पण अधिक ऐसपैस व अधिक बळकट असे विमान आखण्यात आले. पुष्पकात दोन आसने होती, यात तीन झाली. 90 अश्वशक्तीच्या जागी 225 अश्वशक्तीचे इंजिन आले. पंख माथ्यावर ठेवले, म्हणजे आतून खाली पाहताना दृष्टीला पंखाचा अडथळा होणार नाही. चाके उघडी व पक्की ठेवली, म्हणजे खडबडीत रानात उतरताना ती निकामी होणार नाहीत.

यातील एका गोष्टीचा हिशेब पाहण्यासारखा आहे. पंखाची उचलून धरण्याची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा झाला तर उचल निम्मी होत नाही, ती चौथाई उरते. म्हणून जे विमान सावकाश उडावयाचे त्याचे पंख वजनाच्या मानाने मोठे असावे लागतात. पंख मोठे केले की वजन वाढते आणि वजन वाढले की आणखी मोठे पंख हवेसे वाटतात. या चक्रातून बाहेर पडण्याचा एकच उपाय, तो म्हणजे प्रत्येक नळी, प्रत्येक खिळा, कापडाचा प्रत्येक वार तोलून मापून वापरणे. गटिंगनच्या गणिताची परीक्षा बंगळूरच्या कारखान्यात अशी शेर-मापाने होत होती.

या विमानाचे नाव ठेवले कृषक, म्हणजे शेतकरी. 1959 च्या नोव्हेंबरमध्ये पहिला कृषक आकाशात गेला आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात दुसरा. दोन्ही उडाले. परंतु त्या वेळी त्यांना मागणी नव्हती. नमुने तयार होऊन आराखडे कपाटात राहिले. कोणाही कारागिराला यापेक्षा अधिक खट्टू करणारी गोष्ट ती कोणती? ज्यावर वर्षे घालविली ती वस्तू सिद्ध झाली आणि तिला गिऱ्हाईक मिळाले नाही!

कारखान्याचे काम मात्र थांबले नाही. त्याच सुमारास जेट इंजिनावर चालणाऱ्या शिकाऊ विमानाची आखणी घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली हाती घेण्यात आली होती. कृषक बाजूला पडला आणि हे नवे काम जोमाने पुढे गेले. 4 सप्टेंबर 1964 रोजी किरण हे विमान प्रथम उडाले. वायुदलातील वैमानिकांनी त्यानंतर कित्येक दशके या किरणावर जेट विमानाचे शिक्षण घेतले. शिकाऊ एचटी-2 पासून जेटच्या किरणापर्यंतची ही वाट अवघ्या तेरा वर्षांत चालून झाली होती. 1965 साली भारत सरकारने डॉ. घाटगे यांना पद्मश्री देऊन त्यांचा गौरव केला.

इकडे काळ बदलला. सैन्याजवळची ऑस्टर विमाने जुनी झाली आणि त्यांच्या जागी दुसरे विमान हवे असे ठरले. तेव्हा परदेशाकडे पाहण्याची गरज पडली नाही. कपाटातील आराखडे तयारच होते. 1965 पासून कृषक सैन्यात दाखल होऊ लागला आणि एकंदर सुमारे 70 कृषक बांधले गेले. गरज पडण्यापूर्वी जो तयारी करून ठेवतो त्याची मेहनत फुकट गेली असे दिसते. पण ती पेरलेल्या बियाण्यासारखी पाऊस पडण्याची वाट पाहत असते.

1971 सालच्या डिसेंबरात पाकिस्तानशी युद्ध झाले. त्या युद्धात कृषक विमानाने आपले काम केले आणि त्याची किंमतही मोजली. कॅप्टन प्रदीपकुमार गौर हे तोफखान्याचे तरुण वैमानिक शकरगढच्या आघाडीवर आपल्या तोफांना दिशा दाखवीत होते. 14 डिसेंबर रोजी शत्रूच्या तीन सेबर जेट विमानांनी त्यांच्या एकट्या विमानावर झडप घातली. कृषकाजवळ प्रतिकाराचे शस्त्र नव्हते आणि पळून जाण्याइतका वेगही नव्हता. कॅप्टन गौर धारातीर्थी पडले. राष्ट्राने त्यांना मरणोत्तर महावीरचक्र अर्पण केले.

विद्यार्थ्यांनो, येथे क्षणभर थांबा. सावकाश उडणे हा कृषकाचा गुण होता. त्या गुणामुळेच त्याला नीट पाहता येई. परंतु हाच गुण आतल्या माणसाच्या जिवावर उठणारा होता. यंत्र आखणाऱ्याच्या वाट्याला असे पेच नेहमी येतात. एक गुण साधावा तर दुसरा सोडावा लागतो, आणि त्या निवडीचे मोल पुष्कळदा दुसऱ्याच कोणाला द्यावे लागते. म्हणून विमान रेखाटणाऱ्याच्या मेजावर निष्काळजीपणाला जागा नसते. त्याच्या पेन्सिलीच्या रेषेवर पुढे कोणाचा तरी जीव बसणार असतो.

1970 नंतरच्या दशकात हेलिकॉप्टरे आली आणि कृषकाची सेवा संपली. डॉ. घाटगे यांचेही वय झाले होते. त्यांनी लावलेला विमानविद्येचा विभाग बहरला होता. ज्या कारखान्यात ते तरुणपणी दाखल झाले तो 1964 पासून हिंदुस्थान एरोनॉटिक्स या नावाने देशातील विमाननिर्मितीचे मुख्य केंद्र बनला होता. 6 डिसेंबर 1991 रोजी, वयाच्या 83 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कामात एक उणीव होती, आणि ती झाकण्याचे कारण नाही. त्यांच्या विमानांचे पंख, सांगाडा व शेपूट आपले होते. पण इंजिने परकी होती. एचटी-2 चे इंजिन इंग्लंडातून येई, पुष्पक व कृषक यांची इंजिने मूळ अमेरिकन आराखड्याची आणि किरणाचे जेट इंजिनही मूळचे इंग्रजी. शरीर स्वदेशी आणि काळीज परदेशी, अशी ती अवस्था होती. इंजिन बनविणे हे विमान बनविण्याहूनही कठीण काम आहे. तापणारा, फिरणारा, दर मिनिटाला हजारो धक्के सोसणारा धातू घडविण्यास कित्येक पिढ्यांची साधना लागते. एका माणसाच्या आयुष्यात सर्व कामे होत नाहीत. तो आपल्या वाट्याचे काम पुरे करतो आणि राहिलेले पुढच्यांच्या हाती देतो.

ते पुढचे काम आपल्याला पुन्हा अहिल्यानगरला घेऊन येते. या शहरात संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे. लष्कराच्या गाड्यांची आखणी व पारख करणे हे तिचे मुख्य काम. दरम्यान टेहळणीच्या विमानातून माणसाला बाजूला काढण्याचे प्रयत्न जगभर सुरू झाले होते. आपल्या देशातही बंगळूरच्या संरक्षण शास्त्रज्ञांनी निशांत नावाचे वैमानिकरहित टेहळणी विमान तयार केले. 1995 साली ते प्रथम उडाले. शत्रूच्या हालचाली टिपणे आणि तोफांचा नेम सुधारणे, हेच कृषकाचे जुने काम निशांतने करावयाचे होते. त्याला धावपट्टी लागत नसे. मालमोटारीवर बसविलेल्या लांब रुळावरून, गलोलीतून खडा सुटावा तसे, ते आकाशात फेकले जाई. दूर बसलेला माणूस त्याला बिनतारी लहरींनी चालवी आणि काम झाले की हवाई छत्रीच्या आधाराने ते जमिनीवर उतरे. ते पाडले गेले असते तर यंत्र हरपले असते. माणसाचा जीव वाचला असता.

या निशांतचे इंजिनही सुरुवातीला परदेशी होते. ते आपले असावे म्हणून अहिल्यानगरची ही संस्था व बंगळूरच्या दोन संस्था एकत्र आल्या. त्यांनी 55 अश्वशक्तीचे वँकेल जातीचे इंजिन तयार केले. नेहमीच्या इंजिनात दट्ट्या वरखाली होतो. या इंजिनात तीन कोनांचा एक लोखंडी भोवरा बंदिस्त पेटीत गरगर फिरतो. त्यामुळे ते आकाराने लहान व वजनाने हलके राहते. 5 एप्रिल 2009 रोजी कर्नाटकातील कोलारजवळ या इंजिनाच्या बळावर निशांत उडाला. ज्या नगरच्या तटाखाली एके काळी सुरुंगाची खबर मिळवावी लागली, त्याच नगरच्या माणसांचा हात आता आकाशातून पाहणाऱ्या यंत्राच्या काळजाला लागला होता.

निशांतची पुढील कथा यशाची नाही. सैन्याने थोडीच विमाने घेतली. त्यांना अपघात झाले आणि 2015 नंतर ही योजना पुढे गेली नाही. परंतु कृषकाचे आराखडेही एकदा कपाटात बंद झाले होते, हे आपण विसरता कामा नये. एका यंत्राच्या अपयशातून जे शिकावयास मिळते ते पुढच्या यंत्राच्या कामी येते. इंजिन बनविणारे हात एकदा तयार झाले की ते रिकामे राहत नाहीत.

डॉ. घाटगे यांनी ड्रोन बनविले नाही. ते त्यांच्या काळाचे कामच नव्हते. त्यांनी त्याच्या आधीची पायरी घातली. परक्याचे विमान चालविणाऱ्या देशाला त्यांनी स्वतःचे विमान रेखाटावयास शिकविले, आणि ते रेखाटणारी माणसे तयार केली. त्यांची यंत्रे दिसावयास साधी होती. शिकाऊ मुलाला सांभाळून घेणारे एक, गावच्या उड्डाण मंडळात राबणारे दुसरे आणि शेतात उतरणारे, शेतकऱ्याचे नाव धारण करणारे तिसरे. डोळे दिपवील असे त्यांत काही नव्हते. परंतु ज्याला जे हवे ते त्याला देणारी, आणि वेळेला उपयोगी पडणारी अशी ती यंत्रे होती.

हसूरच्या वाटेवरून निघालेला एक मुलगा गटिंगनला पोहोचला, तेथून परत फिरला आणि मिळविलेली विद्या त्याने आपल्या देशाच्या कारखान्यात ओतली. आकाशात एखादे लहान विमान संथपणे जाताना दिसले, तर त्याच्या पंखांखाली अशा माणसांची अबोल वर्षे उभी आहेत, याची आठवण ठेवावी.